रस्त्यात कुणी जखमी पडलेलं दिसलं की आपले पाय का थिजतात, आणि ते हलवायचे कसे

आधी माझंच सांगतो. स्टेशनच्या जिन्यावरून एक गृहस्थ माझ्या डोळ्यादेखत गडगडत खाली आले, सात-आठ पायऱ्या तरी असतील, कपाळ फुटलं, चष्मा कुठेतरी लांब उडाला आणि ते तसेच पडून राहिले. गर्दीची वेळ, आजूबाजूला सहज तीस-चाळीस माणसं. आणि मी काय केलं? थांबलो. नुसता थांबलो. भिंतीला पाठ लावून बाकीच्यांची तोंडं बघायला लागलो. डोक्यात एकाच वेळी चार गोष्टी, की यांच्याबरोबर कुणीतरी असेलच, स्टेशनचा स्टाफ येईलच, उठतील बहुतेक स्वतःच, आणि मला कुठे यातलं काय कळतंय. बाकीचेही असेच उभे. कुणी आरडाओरडा करत नाहीये म्हणजे फार काही झालं नसेल, असंही मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. मग लहान मुलाचा हात धरलेली एक बाई पुढे झाली, खाली वाकून तिने त्यांच्या खांद्याला हात लावला आणि मान वर करून थेट माझ्याकडे बघत म्हणाली, "अहो, निळी सॅक, तुम्ही ॲम्ब्युलन्सला फोन लावा." आणि मी लावला. लगेच. हात थरथरत होता पण लावला, जिना कुठला, प्लॅटफॉर्म कुठला, सगळं नीट सांगितलं. म्हणजे येत होतं की मला सगळं! मग त्याआधीचं ते एक-दीड मिनिट मी काय करत होतो?

हा लेख त्या एक-दीड मिनिटाबद्दल आहे. ते कशाने जातं आणि पुढच्या वेळी ते वाचवायचं कसं, एवढंच.

पहिली गोष्ट म्हणजे "माणुसकीच मेली हो" हे म्हणणं सोडून द्या, कारण त्याने काहीच उलगडत नाही आणि ते बऱ्याच अंशी खरंही नाहीये. या विषयावर बोलताना न्यूयॉर्कमधल्या किटी जेनोवीजचं नाव हमखास निघतं. 13 मार्च 1964 च्या पहाटे तिच्या घराजवळच तिच्यावर चाकूहल्ला झाला आणि ती गेली. दोन आठवड्यांनी न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर छापलं की जवळजवळ चाळीस शेजारी खिडकीतून बघत राहिले आणि कुणी पोलिसांना कळवलं नाही. जगभर बोंबाबोंब झाली. पण पुढे अभ्यासकांनी खोदून बघितलं तेव्हा कळलं की ती बातमी बरीच फुगवलेली होती. इतक्या लोकांनी सगळा प्रकार डोळ्यांनी बघितलेलाच नव्हता, अनेकांना नुसता आवाज आला होता, नवराबायकोचं भांडण असेल असं काहींना वाटलं, एकाने खिडकीतून ओरडल्यावर हल्लेखोर थोडा वेळ पळालाही होता, आणि एक शेजारीण खाली धावत जाऊन शेवटी तिला धरून बसली होती. ही शेजारीण मात्र कुणाच्या लक्षात राहिली नाही, लक्षात राहिला तो चाळीसचा आकडा.

पण त्या बातमीने एक चांगलं काम झालं. जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी ठरवलं की हे प्रयोग करून बघू. 1968 चा त्यांचा प्रयोग असा, की विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं, बोलणं फक्त इंटरकॉमवर, आणि मध्येच एकाला फिट येते, तो अडखळत मदत मागायला लागतो (तो आवाज आधी रेकॉर्ड केलेला, पण ऐकणाऱ्याला ते माहीत नाही). ज्यांना वाटत होतं की हे फक्त मलाच ऐकू येतंय त्यातले 85 टक्के फिट संपायच्या आत उठून मदतीला गेले. ज्यांना वाटत होतं की आणखी चार जण ऐकतायत त्यातले फक्त 31 टक्के. माणसं तशीच, आवाज तोच, फरक एवढाच की "अजून कुणीतरी आहे". आपल्याकडे बारभाईंचा कारभार म्हणतात तसलंच हे, सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही.

आणि यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. जे उठले नाहीत ते मख्ख बसले नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता, संशोधक आत आल्याबरोबर बऱ्याच जणांनी आधी हेच विचारलं की तो मुलगा बरा आहे ना. म्हणजे "मला काय त्याचं" असं काही त्यांचं नव्हतं, जाऊ की नको यातच ते अडकून बसले होते. जिन्यापाशी मी जसा अडकलो होतो तसेच. म्हणून खाली जे सांगतोय ते काळीज मोठं करण्यासाठी नाहीये, ते असतंच, ही अडकलेली गाडी धक्का देऊन सुरू कशी करायची त्याबद्दल आहे.

बाकीच्यांच्या चेहऱ्यांवर जाऊ नका

याच दोघांचा दुसरा प्रयोग. एका खोलीत फॉर्म भरत बसलेल्या माणसाला दिसतं की भिंतीतल्या फटीतून धूर येतोय. एकटा असला तर चारातले तीन जण उठून कळवायचे. पण बरोबर दोन माणसं मुद्दाम ढिम्म बसवलेली असली तर दहातला फक्त एक. बाकीचे नऊ खोकतायत, डोळे चोळतायत, धूर हाताने बाजूला करतायत आणि फॉर्म भरतायत! नंतर विचारलं तर म्हणे वाफ असेल, एसीचं काहीतरी असेल. वाचताना हसू येतं पण आपण रोज हेच करतो, रस्त्यात कुणी आडवा दिसला की आधी त्याच्याकडे नाही, आजूबाजूच्यांकडे बघतो. आणि ते आपल्याकडे बघत असतात. आपण मुद्दाम शांत चेहरा ठेवलेला, त्यांनीही तसाच, आणि दोघांचा निष्कर्ष एकच की फार काही नसावं बुवा.

यावर उपाय एकच, बघायचं ते पडलेल्या माणसाकडे. आणि मनात जरा जरी शंका आली की याला लागलंय का, हा बेशुद्ध आहे का, झोपलाय का प्यायलाय, तर ती मनात घोळवायची नाही, जवळ जाऊन त्यालाच मोठ्याने विचारायची. "काका, ऐकू येतंय का? लागलंय का तुम्हाला?" बस. यात काही शौर्य लागत नाही, वेळ लागतो पाच सेकंद. तो म्हणाला "मी ठीक आहे" तर तुम्ही जरासे ओशाळाल, एवढाच तोटा. हे ओशाळं होण्याचं भय आपण समजतो त्यापेक्षा फार मोठं असतं बरं का, चारचौघांत आपलं हसं होईल या एका भीतीने कितीतरी लोक जागचे हलत नाहीत. त्यामुळे हे आधीच मान्य करून टाका की दहातल्या काही वेळा आपण उगाच धावलो असं होणारच, आणि झालं तर झालं.

दारूच्या वासाबद्दल वेगळं सांगतो. 1969 मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता, चालत्या डब्यात एक माणूस कोसळायचा, कधी हातात काठी असलेला, कधी दारूचा वास मारणारा आणि हातात बाटली. काठीवाल्याला 65 पैकी 62 वेळा लोकांनी आपणहून मदत केली. दारूवाल्याला 38 पैकी 19 वेळा. म्हणजे निम्म्या वेळा माणसं "याचं काय, हा असलाच" म्हणून बसून राहिली. पण प्यायलेला माणूसही डोकं आपटून पडू शकतो, उलटी श्वासात अडकून जाऊ शकतो, आणि शुगर एकदम खाली गेलेला माणूस तर न पिताही अगदी झिंगल्यासारखा दिसतो. तेव्हा वास आला म्हणून निघून जायचं नाही, हाक मारून बघायचंच.

त्याच प्रयोगातली दुसरी गंमत म्हणजे डब्यात माणसं जास्त असल्याने मदत कमी झाली असं काही दिसलं नाही. का? बहुतेक मला वाटतं कारण तिथे सगळं डोळ्यासमोर स्वच्छ घडत होतं, काय झालंय याचा घोळ नव्हता आणि मधली सात-आठ मिनिटं गाडी कुठे थांबतही नव्हती, सटकायला वाव नव्हता. म्हणजे गर्दी ही काही दरवेळी शत्रू नसते. अलीकडे, 2019 साली, ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन या तीन शहरांतल्या रस्त्यांवरच्या भांडणांचं 219 सीसीटीव्ही फुटेज तपासलं गेलं, तर दहातल्या नऊ प्रसंगांत निदान एक तरी बघ्या मध्ये पडलाच होता, आणि माणसं जास्त तर कुणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त. मग अडचण काय? अडचण वेळेची. कुणीतरी येतो हे खरं, पण कधी येतो?

पहिलं पाऊल मुद्दाम छोटं ठेवा, पण आवाज मोठा

आपण थिजतो त्याचं एक कारण हेही की डोक्यात एकदम सगळं चित्र उभं राहतं, की आता याला उचला, गाडी थांबवा, हॉस्पिटल, पोलीस, रात्र जाईल, ऑफिसचं काय. हे सगळं एका घासात गिळायला गेलं की घशाखाली उतरत नाही. तेव्हा स्वतःला एवढंच सांगा, मी फक्त जवळ जातो आणि हाक मारतो. पुढचं पुढे. गंमत अशी की एक माणूस हलला की बाकीचे लगेच हलतात, कारण ते पण कुणाच्या तरी हलण्याची वाट बघत होते. त्या बाईने काय मोठं केलं? वाकली, हात लावला आणि बोलली. त्यानंतर अर्ध्या मिनिटात एकाने स्वतःचा रुमाल दिला, एकाने जिना अडवला, दुसरा स्टाफला आणायला धावला. हे सगळे आधीपासून तिथेच होते.

जवळ जाताना मात्र दोन क्षण थांबून आजूबाजूला नजर टाका, हे थिजणं नाही, ही अक्कल आहे. धावती वाहनं, तुटलेली वायर, आग, गॅसचा वास, हातात हत्यार असलेला माणूस. विजेला चिकटलेल्या माणसाला सरळ हात लावला तर एकाऐवजी दोन जण जातील, आधी मेन स्विच. रस्त्यात अपघात असेल तर तुमच्या गाडीचे पार्किंग लाइट चालू करून ती थोडी अलीकडे लावा, कुणाला तरी मागच्या बाजूला उभं करून येणाऱ्या वाहनांना हात दाखवायला लावा. आणि मारामारी चालू असेल तर मध्ये उडी घ्यायची गरज नाही, लांबून फोन करणं, आणखी माणसं गोळा करणं, मोठ्याने ओरडणं हीसुद्धा मदतच.

"कुणीतरी फोन करा" हे वाक्य तोंडातून काढून टाका

"कुणीतरी" नावाचा माणूस गर्दीत नसतो. बोट दाखवायचं, कपड्यावरून, बॅगवरून, चष्म्यावरून, कशावरूनही हाक मारायची आणि एकच काम द्यायचं. "तुम्ही, लाल शर्ट, फोन लावा आणि लावला की मला सांगा." "ताई, तुम्ही कोपऱ्यावर उभ्या राहा, ॲम्ब्युलन्स आली की इकडे आणा." "दादा, तुम्ही लोकांना दोन पावलं मागे घ्या." हे उद्धट वाटेल अशी भीती वाटते, पण खरं सांगतो, मला त्या क्षणी कुणी हुकूम सोडला याचा राग नाही आला, सुटल्यासारखं वाटलं. आणि "लावला की मला सांगा" हे शेपूट विसरू नका, नाहीतर तो पण लावतोय की व्हिडिओ काढतोय ते कळत नाही. व्हिडिओ काढणाऱ्यांवर चिडण्यात वेळ घालवायचा नाही, त्यांच्या हातात फोन आधीच आहे, त्यांनाच फोन लावायला सांगायचं.

फोनवर काय बोलायचं? आधी जागा, कारण लाइन तुटली तरी निदान गाडी निघेल. रस्त्याचं नाव, जवळची ठळक खूण, कुठल्या दिशेची लेन, हायवे असेल तर किलोमीटरचा दगड, बिल्डिंग असेल तर कितवा मजला. मग काय झालंय, किती जण, शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का. आणि फोन ठेवायची घाई करू नका, स्पीकरवर टाका, कारण बऱ्याच ठिकाणी समोरचा माणूस तुम्हाला पुढे काय करायचं ते एकेक पायरी सांगतो. आपल्या भागातला इमर्जन्सी नंबर आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा, बऱ्याच देशांत 112 चालतो, पण प्रवासात असाल तर तिथला वेगळा असू शकतो, पोचल्याबरोबर बघून घ्या. त्या क्षणी रोजचा पाठ असलेला नंबरही आठवत नाही, यावर विश्वास ठेवा.

"मला कुठे काय येतं" याचं उत्तर

ही अडचण खरी आहे, बहाणा नाही. पण माणूस वाचवायला जे लागतं त्यातलं बरंचसं साधं आहे, आणि त्यातही काय करायचं नाही हे माहीत असणं अर्धं काम करून टाकतं.

रक्त. जोरात वाहत असेल तर आधी तेच. मोठी रक्तवाहिनी तुटली असेल तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो, तेवढ्यात ॲम्ब्युलन्स येत नाही, तिथे असता ते तुम्हीच. स्वच्छ कापड मिळालं तर उत्तम, नाही तर जे असेल ते, जखमेवर ठेवून तळहाताने जोर देऊन दाबायचं आणि दाबूनच ठेवायचं. थांबलं का बघायला दर मिनिटाला उचलायचं नाही. भिजलं तर वरून आणखी कापड आणि आणखी जोर. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली तर तुमचंही रक्तापासून रक्षण. जखमेत काच, सळई, काहीही घुसलेलं असेल तर ते ओढून काढायचं नाही, तेच बूच झालेलं असतं, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबायचं.

श्वास. हाक मारून, खांदे थोपटून हूं की चूं नाही आणि छाती नीट वरखाली होत नाहीये, किंवा मधूनच मासा तडफडावा तसे आचके देतोय (हे आचके म्हणजे श्वास नव्हे, इथे भलेभले फसतात), तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायला सुरुवात करा. खोली पाच ते सहा सेंटिमीटर, वेग मिनिटाला 100 ते 120, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तोंडाने श्वास द्यायचा शिकला नसाल तर नुसतं दाबत राहा, तेही चालतं. हृदय बंद पडल्यावर असं काहीच न करता गेलेल्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घसरते, त्यामुळे "मी चुकीचं दाबलं तर" या विचाराला तिथे जागा नाही. स्टेशन, मॉल, विमानतळ अशा ठिकाणी बऱ्याचदा भिंतीवर एईडी मशीन (बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं) असतं, कुणाला तरी ते आणायला पिटाळा, ते उघडलं की स्वतःच बोलून सांगतं काय करायचं.

यातच एक अवघड विषय. बाई पडलेली असेल तर पुरुष हात लावायला कचरतात, लोक काय म्हणतील म्हणून. अमेरिकेतल्या एका पाहणीत सार्वजनिक जागी हृदय बंद पडलेल्या पुरुषांपैकी 45 टक्क्यांना आजूबाजूच्यांकडून सीपीआर (म्हणजे हेच छाती दाबणं) मिळाला, बायकांपैकी 39 टक्क्यांना. तर करायचं काय, मोठ्याने बोलत करायचं. "यांचा श्वास बंद आहे, मी छाती दाबतोय, ताई तुम्ही इथे बसा माझ्याजवळ." सगळ्यांना ऐकू गेलं की शंका घ्यायला कुणाला जागा राहत नाही, आणि तुमचा पण संकोच जातो.

बेशुद्ध आहे पण श्वास नीट चालू आहे, आणि उंचावरून पडलेला किंवा वाहनाने उडवलेला नाहीये, तर कुशीवर वळवा म्हणजे उलटी झाली तरी श्वासात अडकणार नाही. उंचावरून पडलाय, गाडीने उडवलाय, मान दुखतेय म्हणतोय, तर हलवायचं नाही, जिथे आहे तिथेच डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवा. हलवायचं ते फक्त तिथे थांबणंच जिवावर बेतणार असेल तर, आग वगैरे. अशा माणसाला मध्येच उलटी व्हायला लागली तर मात्र डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून दोघातिघांनी मिळून सगळा एकदम कुशीवर घ्या. हेल्मेट ओढून काढू नका, श्वासच घेता येत नसेल तर गोष्ट वेगळी. आणि पाणी पाजू नका! हे उद्गारचिन्ह मुद्दाम दिलंय, कारण गर्दीतून बाटली घेऊन पुढे येणारा एक जण हमखास असतोच, त्याचा हेतू चांगला असतो पण अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत पाणी जाऊ शकतं आणि पुढे ऑपरेशन करायचं झालं तर पोटात काही नसलेलंच बरं. त्याला तेच पाणी घेऊन भाजलेल्या माणसाकडे पाठवा, तिथे त्याचा उपयोग आहे, भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, आजूबाजूच्या वस्तू बाजूला करायच्या आणि डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवायचं.

यातलं काहीच जमलं नाही तरी एक जमेल. शेजारी बसा आणि बोला. "माझं नाव अमुक, मी इथेच आहे, गाडी निघालीये." शुद्धीवर असलेल्या जखमी माणसाला सगळ्यात जास्त काय खातं तर वर गोल करून उभी असलेली तोंडं आणि त्यातलं कुणीच त्याच्याशी बोलत नाहीये.

आणि हो, उंटावरून शेळ्या हाकणारे भेटतीलच, लांब उभं राहून "असं नका करू, तसं करा" सांगणारे. त्यांनाही काम द्या, लगेच गप्प होतात.

घाई आणि "हा आपला नाही"

1973 चा अमेरिकेतल्या प्रिन्सटनचा एक प्रयोग मला फार टोचतो. धर्मगुरू व्हायचं शिक्षण घेणारी मुलं, त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं, त्यातल्या काहींचा भाषणाचा विषय चक्क बायबलमधली वाटेवरच्या जखमी परक्याला मदत करणाऱ्याची गोष्ट. वाटेत एक माणूस दारात कण्हत खोकत पडलेला. ज्यांना सांगितलं होतं भरपूर वेळ आहे त्यातले 63 टक्के थांबले. ज्यांना सांगितलं उशीर झालाय, पळा, त्यातले 10 टक्के. विषय कुठला होता याने फारसा फरक पडला नाही, घड्याळाने पडला. यावर माझ्याकडे युक्ती एवढीच की उशिराचा फोन आधी करून टाकायचा, "रस्त्यात अपघात झालाय, मी थांबतोय." एकदा ते तोंडाने बोललं की मनातलं घड्याळ बंद पडतं, माझं तरी पडतं.

आणि दुसरं, आपला-परका. इंग्लंडमध्ये 2005 साली मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांसमोर एक धावणारा माणूस पाय मुरगळून पडायचा. मँचेस्टरचा टी-शर्ट असेल तर 13 पैकी 12 जणांनी मदत केली, लिव्हरपूल या हाडवैरी क्लबचा असेल तर 10 पैकी 3. पण दुसऱ्या वेळी आधी त्यांना "फुटबॉलप्रेमी असणं म्हणजे काय" यावर बोलतं केलं, तर लिव्हरपूलवाल्यालाही 10 पैकी 7 जण धावले. शर्ट तोच, कुंपण तेवढं मागे सरकलं. म्हणून तो कुठला, कसल्या कपड्यातला हे मनात यायच्या आत त्याला काहीतरी नात्याने हाक मारून टाका. काका, दादा, बाळा. आपल्या भाषेत ही सोय फुकट आहे, आणि एकदा काका म्हटलं की त्याला तसंच टाकून जाणं जीभ आणि पाय दोघांनाही अवघड जातं.

पोलीस, कोर्ट, विकतचं दुखणं

ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. चीनमध्ये नानजिंगला 2006 साली एका माणसाने पडलेल्या म्हाताऱ्या बाईंना हॉस्पिटलात नेलं, बाईंचं म्हणणं यानेच मला पाडलं, आणि कोर्टाने त्याला खर्चाचा वाटा उचलायला लावला, युक्तिवाद साधारण असा की तू पाडलं नसतंस तर मदत कशाला केली असतीस. (त्याचा धक्का खरंच लागला होता असं बऱ्याच वर्षांनी बाहेर आलं, पण तोवर लोकांनी धडा घेऊन झाला होता.) 2011 मध्ये तिथेच फोशान शहरात दोन वर्षांच्या मुलीला गाडीने चिरडलं आणि अठरा माणसं बाजूने निघून गेली, उचललं ते शेवटी कचरा वेचणाऱ्या एका बाईने. मूल वाचलं नाही. त्यानंतर देशभर काहूर उठलं आणि 2017 पासून तिथल्या कायद्यानेच सांगितलं की मदत करताना काही नुकसान झालं तर मदत करणाऱ्यावर जबाबदारी नाही. भारतात 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने अपघातात चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला असंच संरक्षण दिलंय, नाव-पत्ता सांगायची सक्तीही करता येत नाही. जर्मनी, फ्रान्समध्ये तर उलट आहे, शक्य असून मदत केली नाही तर गुन्हा. तुम्ही जिथे राहता तिथला नियम एकदा पाच मिनिटं काढून वाचा, कारण ही भीती बहुतेक वेळा जुन्या ऐकीव गोष्टींवर पोसलेली असते. आणि तरी धाकधूक वाटत असेल तर हात लावायच्या आधी मोठ्याने म्हणा, "मी आत्ता आलोय, हे इथे पडलेले आहेत, तुम्ही बघताय ना?" दोन जण हो म्हणाले की झाले तुमचे साक्षीदार.

पडलेले तुम्हीच असाल तर

सगळं हेच, फक्त उलट बाजूने. "वाचवा" म्हणून हवेत ओरडण्यापेक्षा एकाच माणसाच्या डोळ्यांत बघा आणि काय हवंय ते नेमकं सांगा, "पिवळी साडी, ताई, माझा पाय मोडलाय, ॲम्ब्युलन्स बोलवा." कुणी ओढाताण करत असेल तर "मी याला ओळखत नाही" हे आधी ओरडा, कारण लोकांना घरगुती भांडण वाटलं की ते मध्ये पडत नाहीत, जेनोवीजच्या शेजाऱ्यांसारखंच.

सरावाचं म्हणाल तर प्रथमोपचाराचा एक दिवसाचा कोर्स करा, ते उत्तमच. पण नुसतं या विषयाबद्दल ऐकलेलं असणंही कामी येतं, 1978 मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांना बघ्यांच्या या प्रकारावर फक्त एक लेक्चर दिलं होतं आणि दोन आठवड्यांनी, दुसऱ्याच ठिकाणी, कुणी पडलेला दिसल्यावर लेक्चर ऐकलेले जास्त प्रमाणात थांबले. तेव्हा इथवर वाचलंत तर तुमचं लेक्चर झालं. मी वर्षभरात एकदा बसमध्ये बसल्या बसल्या मनात रंगीत तालीम करतो, समोरचा आत्ता कोसळला तर मी कुणाला काय सांगेन, निळी टोपी फोन, चष्मेवाले ड्रायव्हरला सांगतील, आणि मी खाली बसेन.

नंतरचं पण माहीत असू द्या. ॲम्ब्युलन्स गेल्यावर गुडघे लटपटतात, रात्री झोप लागत नाही, ते रक्त डोळ्यासमोर येत राहतं. ते होतं, कुणाशी तरी बोला, आठवडे झाले तरी जात नसेल तर डॉक्टरशी बोला. आणि त्या माणसाचं पुढे काय झालं हे बहुतेक वेळा कळत नाही. मला त्या गृहस्थांचं कळलं नाही. स्ट्रेचर उचलताना ते चष्मा चष्मा करत होते, मी जिन्याखाली शोधून त्यांच्या खिशात घातला, एक काच तडकलेली होती.